लेकीच्या घरचं पाणी

विरूपाक्षला आधी वाटलं, कुंकू असेल. त्या उन्हाळ्यात लातुरात त्यांच्या घरी एकाच पाण्याचे तीन जन्म होत. बायको रत्नम्मा आंघोळ टबात बसून करायची, त्या पाण्यात कपडे भिजायचे, आणि शेवटी ते राखाडी, साबणाची साय धरलेलं पाणी संडासाच्या दाराशी बादलीत येऊन बसायचं. देवाची भांडी विसळलेलं पाणीही त्यातच पडायचं, त्यामुळं संडासाच्या पांढऱ्या भांड्यात एक तांबडी रेघ वळसा घेत खाली गेली तेव्हा त्यानं दुसऱ्यांदा बघितलं नाही. दुसऱ्या दिवशीही बघितलं नाही. मग एकदा पाणी ओतायच्या आधीच खाली नजर गेली, आणि कुंकवाचा प्रश्न मिटला. त्यानं बादली ओतली. पुरेना. दाराबाहेर हात घालून दुसरी बादली घेतली, तीही ओतली, आणि बाहेर आला तर रत्नम्मा उभी. "दुसरी बादली कामून घेतली?" दुष्काळात माणसाला काही लपवता येत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. एरवी टाकीची साखळी ओढली असती आणि वर्षभर कुणाला पत्ता लागला नसता. तो म्हणाला, "पोट बिघडलंय." ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात ती असं बघायची ते फक्त दुधाला. नासलंय का, अजून चालेल, हे ठरवताना. मग त्यानं सांगितलं.

लातूरच्या डॉक्टरनं हातमोजा चढवून तपासलं आणि म्हणाला, मूळव्याध थोडी आहे, पण रक्त तेवढ्यानंच जातंय असं मी म्हणणार नाही, आतून बघावं लागेल. आतून हा शब्द विरूपाक्षच्या मनात कितीतरी वेळ घरंगळत राहिला. अठ्ठावन्न वर्षं तो स्वतःला बाहेरूनच ओळखत होता. कलेक्टर कचेरीत नोकरी झाली, नुकताच निवृत्त झाला, निरोपाची शाल अजून घडीतच होती. डॉक्टरनं विचारलं, "घरात कुणाला आतड्याचा त्रास? वडलांना वगैरे?" आणि तो पटकन म्हणाला, "न्हाई. वडलांना मूळव्याध व्हती." म्हणताना त्याला स्वतःचाच आवाज आईसारखा वाटला. आई हेच म्हणायची, याच चालीत, कुणी विचारलं की लगेच, समोरच्याला पुढं काही विचारायला फट न ठेवता.

अण्णांचं, म्हणजे त्याच्या वडलांचं, माणिकप्पांचं, कापडाचं लहानसं दुकान होतं. शेवटच्या वर्षात ते गादीवर बसेनासे झाले. उभं राहून कापड फाडायचे, उभं राहून जेवायचे. वैद्यानं पुड्या दिल्या, आईनं सुरण शिजवला. त्यांची धोतरं तिनं परटाला देणं बंद केलं आणि स्वतः पहाटे आडावर जाऊन धुवायला लागली, हे विरूपाक्षला दिसत होतं. तो चोवीस वर्षांचा होता, नोकरीची वाट बघत होता, आणि दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लावणं त्याच्या वाट्याचं आहे असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला तो दिवस त्याला आठवतो तो आतल्या खोलीतून. बाहेर गंजगोलाईच्या बाजाराकडून फटाक्यांचा आवाज, ताशे, आणि आत अंधारात अण्णा भिंतीकडं तोंड करून कुशीवर. धाकटा मन्मथ चौदा वर्षांचा, त्याला बाहेर पळायचं होतं आणि आईनं त्याला पाय दाबायला बसवलं होतं. अण्णांनी विचारलं, "कशाचं वाजून राहिलंय?" "जिल्हा झाला, अण्णा." "कोण?" "लातूर." अण्णांनी तोंड भिंतीकडंच ठेवलं. मग म्हणाले, "मंग आता मोठा दवाखाना येईल." दवाखाना आला, कॉलेजासकट आला, नव्या कचेरीत विरूपाक्षला नोकरीही लागली. अण्णा दिवाळीपर्यंतच होते. भिंतीकडं तोंड केलेल्या त्या पाठीवर मणके एकेक मोजता येतील असे वर आले होते, आणि सगळेजण त्याला मूळव्याध म्हणत होते.

तपासणी नांदेडला करायची असं रत्नम्मानंच ठरवलं. महानंदा, त्यांची एकुलती एक लेक, नांदेडला दिलेली. जावई शिवकांत तिथं तंत्रनिकेतनात शिकवायचा, त्याच्या ओळखीचा एक पोटाचा डॉक्टर होता. "हितं पोट धुवायला पाणी कुटलं?" रत्नम्मा म्हणाली. "रेल्वेनं आलेलं पाणी आठवड्यानं दारात येतंय. तितं निदान नळ हाय." शिवकांतनं फोनवर सगळं समजावलं. आदल्या दिवशी जेवायचं नाही, फक्त पातळ. संध्याकाळी औषधाची पूड दोन लिटर पाण्यात कालवून प्यायची, पहाटे पुन्हा. पोट आरशासारखं झालं पाहिजे. "पाणी जितकं प्याल तितकं चांगलं, मामा," तो म्हणाला. आणि विरूपाक्षच्या मनात दुखण्याचा विचार मागं पडला आणि दुसराच पुढं आला, की एवढं पाणी मी महानंदाच्या घरी पिऊ कसं?

त्यांच्याकडची रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही. आता कोण पाळतं, असं भाऊबंद म्हणायचे, आणि खरोखर कुणी पाळत नव्हतं; पण विरूपाक्षनं पहिल्या भेटीला पाळली, दुसरीला पाळली, मग मोडायची कधी ते त्याला समजेना. मोडली तर, आता मुलाची आशा सोडली, असं म्हटल्यासारखं होईल, अशी त्याची समजूत. महानंदाच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. तो नांदेडला जायचा, हॉटेलात जेवायचा, पिशवीत पाण्याची बाटली ठेवायचा, आणि लेक समोर चहाचा कप ठेवायची तो गार होईस्तोवर गप्पा मारायचा. याबद्दल कुणी कधी काही बोललं नव्हतं.

म्हणून निघायच्या सकाळी त्यानं पाच लिटरचा पांढरा कॅन भरला. पिण्याच्या हंड्यातून भरला. रत्नम्मा दारात येऊन उभी राहिली. "पाणी?" ती म्हणाली. "लातूरचं पाणी नांदेडला?" तो टोपण घट्ट करत राहिला. "मानसं हंड्यासाठी एकमेकांची डोकी फोडून राहिलीत आन् तुमी..." तिचं वाक्य अर्धं राहिलं, कारण तिला कारण उमगलं. तिनं पदरानं कॅनवरचा ओघळ पुसला, ओला पदर डोळ्यांना लावला आणि आत गेली.

एस.टी.त कॅन त्यानं पायांत धरला. पोटात सकाळचा बिनदुधाचा चहा तेवढा होता. खिडकीबाहेर चाकूरच्या पुढं रान असं उघडं पडलं होतं की काय पेरलं होतं तेही ओळखू येऊ नये. शेजारी बसलेल्या पटकेवाल्या म्हाताऱ्यानं कॅनला बोट लावून पाहिलं. "राकेल हाय का?" "पानी." "कुठून?" "लातूर." म्हातारा मान मागं टाकून हसला, पुढच्या बाकावरच्यांना सांगितलं, तेही वळून बघून हसले. विरूपाक्षही हसला. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा त्याला आई आठवली. थोरली आक्का अहमदपूरला दिलेली होती. आई तिच्याकडं जायची ती तांब्या घेऊन, आणि ओसरीच्या कडेला, आत पाय न टाकता बसायची. आक्काला मूल झालं ते फार उशिरा. तोवर ती आईच्या शेजारी ओसरीवर बसून राहायची, हातात रिकामा पेला घेऊन, तो तिला आईला देताही येत नसे आणि खालीही ठेववत नसे. लहानपणी त्याला वाटायचं, या दोघींचं भांडण आहे.

नांदेडच्या स्टँडवर शिवकांत गाडी घेऊन आला होता. त्यानं कॅन उचलला, वजन बघितलं, आणि दोन पायांच्या मध्ये ठेवून स्कूटर चालवली. घर दुसऱ्या मजल्यावर. महानंदानं दार उघडलं, बापाच्या पाया पडली, उठता उठता तिची नजर कॅनवर गेली. शहाळं आणलेलं होतं, ते तिनं फोडून नळी घालून पुढं केलं. शहाळं झाडाचं, घरचं नव्हे, हे तिनं लक्षात ठेवून केलेलं होतं, आणि ते कळून विरूपाक्षनं शहाळं तळापर्यंत संपवलं. शिवकांत म्हणाला, मला कॉलेजात काम आहे, संध्याकाळी उशीर होईल. काम नव्हतं. घरात एकच संडास होता आणि तो सासऱ्यासाठी मोकळा करून देत होता.

उन्हं कलली तशी महानंदानं स्वैपाकघरातून मोठा स्टीलचा जग आणला. आत धुरकट पाणी, लिंबाचा खोटा वास. "कालवलंय," ती म्हणाली. "सावकाश प्यायचं, पण थांबायचं न्हाई."

"माझ्या कॅनमधलं घेतलंस न्हवं?"

"न्हाई. नळाचं घेतलं. गाळून, उकळून, गार करून. सकाळपासनं तेच करून राहिले."

तो जगाकडं बघत बसला. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. ती समोरच्या खुर्चीवर बसली, आक्का बसायची तशी नव्हे, चांगली टेकून बसली.

"अप्पा, डॉक्टरकडं आमी दोघं जाऊन आलोत. तुमाला सांगितलं न्हाई. हैदराबादला पण जाऊन आलोत. होणार न्हाई मला."

"कोण म्हनलं?"

"सगळेच म्हनले. दोन वर्षं झाली त्याला. आता मी रडत पण न्हाई त्याच्यासाठी. पण तुमी येता, बाटली काढता, तवा मला रडू येतंय. तुमी गेल्यावर."

"तुझ्यासाठीच पाळत व्हतो मी," तो म्हणाला. "सोडली तर वाईट दिसंल असं वाटलं. आशा सोडल्यासारखं."

"सोडा की," ती म्हणाली. रागानं नाही, ओझं उचललेल्या माणसाला म्हणावं तसं. मग उठून आत गेली आणि कॅन घेऊन आली. पेला भरला. "हे आईनं रांगेत उभारून भरलेलं हाय न्हवं? मग मी माहेरचं पिते. तुमी माझं प्या." आणि तिनं तो पेला उभ्यानंच संपवला, गळ्यातली शीर हलताना त्याला दिसली, लहानपणी शाळेतून आल्यावर ती अशीच प्यायची, श्वास न घेता. विरूपाक्षनं जगातून पेला भरला. खारट, आंबट, कोमट, घशाशी अडणारं पाणी होतं. त्यानं ते प्यायलं. दुसरा पेला प्यायला. तिसऱ्याला तोंड वाकडं झालं, आणि महानंदा हसली, आणि तोही.

पुढचं वर्णन करण्यासारखं नाही, तरी विरूपाक्षला ते तपशिलानं आठवतं. आधी काहीच झालं नाही. मग पोटात दूरवर कुणी मोट सोडल्यासारखा आवाज झाला, आणि मग धावणं. तो जात होता, येत होता, पेला पीत होता, पुन्हा जात होता. नळाची तोटी फिरवली की पाणी येतं, याची त्याला सवय राहिली नव्हती. पहिल्यांदा त्यानं मगभर पाण्यात भागवायचा प्रयत्न केला. बाहेरून महानंदा ओरडली, "अप्पा, बटन दाबा! बिनधास्त दाबा!" त्यानं दाबलं. पाण्याचा तो मोठा आवाज ऐकून त्याला अपराध्यासारखं झालं, आणि थोडं सुखही. हळूहळू लाज गळून गेली. दाराबाहेर लेक बसून आहे, तिला सगळं ऐकू येतंय, हे एका टप्प्यानंतर नुसतं एक खरं राहिलं, त्याला टोक राहिलं नाही. माणसात शेवटी एवढंच असतं, नळी आणि तिच्यातून जाणारं पाणी, असं त्याला वाटलं, आणि त्यात वाईट वाटावं असं काही नव्हतं. अण्णा मात्र सगळं आवळून धरत गेले. आवळलेलं आई पहाटे आडावर नेऊन धुवायची. त्या घरात कुणी दाराबाहेर बसून, बरं हाय ना, असं विचारलं असतं तर? पण अण्णांनी दार उघडलं नसतं. त्यानंही कुठं उघडलं असतं, दुसरी बादली लागली नसती तर.

सकाळी उरलेला जग संपला तेव्हा खाली उतरणारं पाणी पिवळसर, नितळ होतं. ते बघून त्याला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं आणि तो तसं लेकीला सांगूनही बसला.

दवाखान्यात त्याला मागून उघडा राहणारा हिरवा अंगरखा दिला. तोंडावर हसू असलेल्या सिस्टरनं गळ्यातलं काढायला सांगितलं. गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग होतं, चांदीच्या डबीत, दोऱ्यात. जन्मल्यावर बांधलेलं ते मेल्यावरही अंगावरच राहायचं. अण्णांच्या छातीवरही होतं. "हे निघत न्हाई," तो म्हणाला. सिस्टर म्हणाली, "काका, गळ्यात काही नको असतं." "मंग तपासनी ऱ्हाऊ द्या." हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. सिस्टर डॉक्टरकडं जाऊन आली. "गळ्यातून काढून हातात धरलं तर चालतं का तुमच्यात?" पूजा तो डाव्या तळहातावरच करायचा. त्यानं मान हलवली. तिनं डबी त्याच्या डाव्या मुठीत ठेवली, वरून पट्टी गुंडाळली, नीट, घट्ट, जखमेला बांधावी तशी, आणि उजव्या हातात सुई लावली.

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. अण्णा असेच पडायचे. औषधानं डोळे जड झाले पण झोप लागली नाही. मागून काहीतरी गार आत आलं, मग पोट फुगल्यासारखं झालं, एक कळ आली आणि गेली. समोर पडद्यावर उजेडाची गुलाबी बोळ होती, ओली, वळणावळणाची, कडांना घड्या असलेली. हे मी आहे, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. पटेना. इतकं स्वच्छ, इतकं कोवळं आपल्यात काही असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. "इथं बघा काका," डॉक्टर म्हणाला. घडीच्या आड एक लालसर कोंब होता, देठ असलेला, मक्याच्या दाण्याहून थोडा मोठा. तारेचा फास आला, देठाभोवती बसला, आवळला. विरूपाक्षनं मूठ आवळली. काहीही दुखलं नाही. कोंब सुटला आणि देठाच्या जागी पांढरा ठिपका राहिला.

नंतर खुर्चीवर बसवून डॉक्टरनं सांगितलं की बाकी आतडं चांगलं आहे, कोंब तपासायला पाठवलाय. विरूपाक्षनं विचारलं, "वडलांचं असंच सुरू झालं असंल का?" महानंदा शेजारी उभी होती. डॉक्टरनं अण्णांचं सगळं विचारून घेतलं, उभं राहून जेवणं, पाठ, धोतरं. पहिल्यांदाच विरूपाक्षनं ते क्रमानं कुणाला सांगितलं, आणि सांगता सांगता क्रमच बोलायला लागला. "असू शकेल," डॉक्टर म्हणाला. "आता कुणी खात्रीनं सांगू शकणार नाही. पण मूळव्याधीनं माणूस असा वाळत नाही." घरी येऊन त्यानं लेकीच्या हातचा मऊ भात आणि ताक खाल्लं, दोनदा वाढून घेतलं, आणि जावयाच्या देखत तिथंच सतरंजीवर झोपला.

तो लातूरला परतल्यावर, आठवडा उलटून गेला तेव्हा डॉक्टरचा फोन आला. कॅन्सर नव्हता. पण राहू दिला असता तर पुढंमागं झाला असता, अशा जातीचा कोंब होता. दर थोड्या वर्षांनी बघत राहायचं. "आणि तुमच्या रक्ताच्या माणसांनाही सांगा," डॉक्टर म्हणाला. "भावंडं आहेत?"

आक्का जाऊन बरीच वर्षं झाली होती. मन्मथ होता, उदगीरला, मोंढ्यात धान्याची आडत. दोघांचं वर्षातून दोनदा बोलणं, सणाचं. विरूपाक्षनं फोन लावला. मागं पोती टाकल्याचे धप्प आवाज, हमालांची हाक, कुणीतरी कानडीत भाव विचारत होतं.

"बोल की दादा. आज कसाकाय फोन?"

विरूपाक्षनं सांगितलं. रक्त, नांदेड, कोंब, सगळं. लाजेच्या जागाही गाळल्या नाहीत. पलीकडून हूं-हूं येत होतं, मग तेही थांबलं.

"मन्मथ?"

"थांब जरा." चालल्याचा आवाज, दार लोटल्याचा, आणि मग एकदम शांत, पोत्यांच्या मध्ये बसल्यावर असते तशी. "दादा, अण्णांना काय झालतं?"

"मूळव्याध न्हवती."

"मंग?"

"कुनी बघितलंच न्हाई."

मन्मथचा श्वास ऐकू येत होता. जाड, वय झालेल्या माणसाचा. "मला बी जातंय," तो म्हणाला. "संक्रांतीपासनं. कुनाला बोललो न्हाई."

विरूपाक्षनं भिंतीला हात टेकला. रत्नम्मा दारात येऊन थांबली होती, त्यानं तिला खूण केली, बस म्हणून.

"दादा."

"हं."

"दुखतंय का रे?" मन्मथनं विचारलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा, दोन लेकींची लग्नं केलेला माणूस होता तो, पण आवाज आतल्या खोलीत पाय दाबत बसलेल्याचा आला.

"न्हाई दुखत. आदल्या दिवशी हैरान हुतो मानूस, तेवढंच. मी उद्या येतो तुझ्याकडं. मिळून जाऊ."

"तू कशाला उन्हाचा..."

"येतो म्हनलं ना."

मग दार उघडल्याचा आवाज आला, मोंढ्याचा गलका पुन्हा फोनात शिरला, आणि फोन तोंडापासून दूर धरून मन्मथ कुणाला तरी म्हणाला, "काटा बंद करा. उद्या दुकान न्हाई."